उसण भरली, गोळीने आराम पडला. मग दुसरे पाकीट घ्यावे का?

लेथवाला_उद्यमनगर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी गेली २२ वर्षे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. काही महिन्यांपूर्वी सकाळी चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बांधण्यासाठी वाकलो आणि कमरेच्या उजव्या बाजूला अशी उसण भरली की सरळ होता येईना आणि खाली बसताही येईना. शेजारच्या शेडमधील दोघांनी उचलून रिक्षात घातले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपवून पाय वर उचलून पाहिले, पायाच्या अंगठ्यात जोर आहे का ते तपासले आणि पाच दिवसांची चिठ्ठी दिली. तिच्यात ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि थायोकोल्चिकोसाइड ४ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी दिवसातून दोनदा जेवणानंतर होती, आणि सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी होती. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने पायांत मोजे घालू शकलो आणि आठव्या दिवशी कामावर गेलो. येथपर्यंत सगळे रीतसर झाले.

पुढचे मात्र माझ्या चुकीचे आहे. दीड महिन्याने कंबर पुन्हा कुरकुरू लागली, तेव्हा डॉक्टरांकडे न जाता रिकामे पाकीट खिशात घालून मी मेडिकलमध्ये गेलो. चिठ्ठी कोणी विचारली नाही आणि त्याच दहा गोळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असे सांगून दुसरे पाकीट मिळाले, आणि त्यानंतर तिसरे. असे करत एकूण तेरा दिवस झाले. तिसऱ्या पाकिटातील चार गोळ्या उरल्या होत्या. माझ्या आईचे वय ७१ आहे आणि तिला बीपीची गोळी चालू आहे. मान अवघडली म्हणून तिने रात्री मला न विचारता त्यातील एक गोळी घेतली, आणि दीड-दोन तासांनी लघवीला उठल्यावर ती न्हाणीच्या उंबऱ्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडली. हाड मोडले नाही, पण मनगट आठ दिवस सुजलेले होते.

तिन्ही पाकिटे समोर ठेवून त्यांवरील बारीक अक्षरे उतरवत आहे. पहिले वर सांगितले तेच. दुसऱ्यावर ॲसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५, क्लोरझोक्साझोन २५० असे लिहिले आहे. तिसऱ्यावर ॲसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५, टिझानिडीन २ असे आहे. माझे विचारणे एवढेच की, ही गोळी निर्धोकपणे किती दिवस घेता येते, पुन्हा दुखल्यास तीच घ्यावी का, आणि तिच्याबरोबर काय चालत नाही? कृपया गोळीला सरसकट नावे ठेवू नयेत, कारण पहिल्या पाच दिवसांत तिचा मला खरोखर उपयोग झाला आहे.


फार्मासिस्ट_राजारामपुरी

दादा, बारीक अक्षरे उतरवून दिलीत हे फार चांगले केलेत, कारण सगळा उलगडा त्यांतच आहे. मी १४ वर्षे काउंटरमागे उभी आहे आणि ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ हे वाक्य उमेदवारीच्या काळात मीही ऐकलेले आहे. कंपनी बदलली तरी घटक तेच असतील तर ते वाक्य खरे असते. तुमच्या बाबतीत ते खरे नव्हते. तुम्ही स्नायू सैल करणारी तीन निरनिराळी औषधे पाठोपाठ घेतलीत, आणि त्यांत समान होते ते फक्त ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक.

घोटाळा नावाच्या शेपटीमुळे होतो. आपल्याकडे गोळीच्या नावापुढे ‘एमआर’ लावले की त्यात स्नायू सैल करणारे काहीतरी आहे एवढेच कळते. ते ‘काहीतरी’ एका कंपनीच्या गोळीत क्लोरझोक्साझोन असते, तर दुसरीच्या गोळीत टिझानिडीन. ‘टीएच’ असेल तर थायोकोल्चिकोसाइड. ‘एसपी’ असेल तर त्यात स्नायूंचे काहीच नसते, सुजेसाठी म्हणून घातलेले सेराशिओपेप्टिडेज असते. त्याहून मोठी गंमत अशी की मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडच्या गोळीपुढेही ‘एमआर’ असते आणि तेथे त्याचा अर्थ औषध सावकाश सुटणारी गोळी असा असतो. एकदा एक आजोबा ‘माझी ती एमआरची गोळी द्या’ म्हणून आले होते. घरी फोन करून विचारले तेव्हा त्यांना शुगरची हवी होती असे निघाले. त्या दिवसापासून मी शेपटीवर औषध देत नाही. आपणही नावाखालची ओळ वाचावी, आणि ती वाचता येत नसेल तर काउंटरवर वाचून मागावी.

आता दिवसांविषयी. थायोकोल्चिकोसाइडची मर्यादा स्पष्ट आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्याचा फेरविचार केला, तेव्हा तोंडाने घ्यावयाचे औषध जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम दर बारा तासांनी आणि सलग सात दिवसांपर्यंतच, तर इंजेक्शन जास्तीत जास्त पाच दिवस, असे बंधन घातले. कारण असे होते की शरीरात या औषधापासून तयार होणारा एक पदार्थ विभाजन होणाऱ्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असे प्रयोगांत दिसले होते. म्हणून ते सोळा वर्षांखालील मुलांना, गर्भवतींना आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना द्यावयाचे नाही. गर्भधारणा होऊ शकते आणि गर्भनिरोधनाचे साधन वापरलेले नाही अशा स्त्रियांनाही नाही. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना आधी सांगावा, कारण या औषधाने झटका येऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले होते, ते आकड्याला आकडा म्हणून लिहिलेले नव्हते.

उरलेल्या दोघांविषयी थोडक्यात सांगते. क्लोरझोक्साझोनने लघवीला नारिंगी किंवा लालसर झाक येऊ शकते आणि ती आपल्या जागी निरुपद्रवी असते. मात्र क्वचित हे औषध यकृताला गंभीर इजा करते, म्हणून लघवी गडद होण्याबरोबर भूक मेली, मळमळ सुरू झाली, डोळे पिवळे दिसू लागले तर गोळी तेथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. टिझानिडीन रक्तदाब खाली आणते. ते पोटात गेल्यावर एक-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो, आणि तुमच्या आई नेमक्या त्याच वेळी अंथरुणातून उठल्या. बीपीची गोळी आधीपासून चालू असताना हे व्हायला फार वेळ लागत नाही. हा निष्कर्ष मी येथून काढते आहे, तो त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालून त्यांच्याकडून पक्का करून घ्यावा.

आणखी एक. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकिटात पॅरासिटामॉल आहे. त्या काळात अंग कसकसले म्हणून कोणी वेगळी ६५० ची गोळी घेतली, वर सर्दीची गोळी घेतली, तर तिन्हींत पॅरासिटामॉल असते आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे, आणि रोज दारू घेणाऱ्यांनी किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी त्या हद्दीच्या जवळपासही जाऊ नये.


जोतिबाचा_गुलाल

एवढा गोंधळ कशाला? आमच्या आजोबांची कंबर हाडवैद्याने एका झटक्यात मोकळी केली होती. तेल, शेक आणि झाडपाल्याचा लेप असताना या रासायनिक गोळ्या पोटात का घालाव्यात?


फार्मासिस्ट_राजारामपुरी

शेकाला माझा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. पण ‘झाडपाला’ आणि ‘रासायनिक’ ही विभागणी येथे टिकत नाही. थायोकोल्चिकोसाइड ज्या मूळ पदार्थापासून बनवतात, तो पदार्थ कळलावीच्या झाडात मिळतो. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या वाटेला कुंपणावर चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची फुले पाहिली असतील, तीच कळलावी. काही जण तिला अग्निशिखा म्हणतात. तिचा कंद इतका विषारी आहे की चुकून खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. तेव्हा झाडातून आले म्हणजे निर्धोक, असे म्हणण्याआधी त्या कुंपणाकडे एकदा पाहावे.


फिजिओ_शाहूपुरी

हाडवैद्याच्या ‘एका झटक्या’विषयी मला बोलावेच लागेल. साध्या उसणीत झटक्याने कधी कधी बरे वाटते हे मी नाकारत नाही, पण आत चकती सरकून नस दाबलेली असेल, किंवा वयस्क स्त्रीचे मणके ठिसूळ झालेले असतील, तर तोच झटका महागात पडतो. आधी तपासणी, मग हात लावणे, हा क्रम बदलू नये.

आता मूळ विषय. ‘स्नायू सैल करणारी गोळी’ हे नावच दिशाभूल करणारे आहे. ही गोळी कमरेच्या त्या आखडलेल्या स्नायूपर्यंत जाऊन त्याची गाठ सोडते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण ज्या गोळ्यांविषयी बोलतो आहोत त्या मुख्यतः मज्जारज्जू आणि मेंदूवर काम करतात. स्नायूला मिळणारे ‘आवळून धर’ हे हुकूम त्या मंदावतात, आणि त्याबरोबर माणूसही थोडा मंदावतो. झापड, जड डोके, कोरडे तोंड आणि चक्कर यांना आपण दुष्परिणाम म्हणतो खरे, पण पुष्कळदा औषधाचा परिणाम आणि ही झापड एकाच मुळातून आलेली असतात.

मग फायदा किती होतो? याचे प्रामाणिक उत्तर आहे, थोडा, आणि तोही सुरुवातीच्या दिवसांत. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीने तातडीच्या विभागात आलेल्या ३२३ रुग्णांना नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक दिले गेले. त्यांपैकी काहींना सोबत सायक्लोबेंझाप्रीन हे स्नायू सैल करणारे औषध, काहींना अफूच्या जातीचे वेदनाशामक असलेली गोळी, तर काहींना औषध नसलेली गोळी दिली. आठवड्यानंतर तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे त्याच धर्तीवर टिझानिडीन आणि बॅक्लोफेन या तशाच औषधांच्या चाचणीतही आठवड्याअखेर वेगळे चित्र दिसले नाही. दुसरीकडे, अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीसाठी आधी शेक, मालिश असे उपाय सांगून, औषध हवेच असेल तर साधे वेदनाशामक किंवा स्नायू सैल करणारे औषध चालेल असे म्हटले आहे. मला यात विरोध दिसत नाही. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप उतरतात. गोळी ते दिवस सुसह्य करते, ती उसण ‘बरी’ करत नाही. जिला रात्रभर कूस बदलता येत नाही अशा बाईला तीन रात्री झोप लागली, तर चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहून हालचाल करू शकते. माझ्या दृष्टीने या गोळीचे काम एवढेच आहे आणि ते कमी नाही.

लेथवाले दादा, तुमची कंबर दीड महिन्याने पुन्हा कुरकुरली ती गोळी संपल्यामुळे नव्हे. तुम्ही आठव्या दिवशी थेट चकपाशी जाऊन तसेच वाकलात. जड जॉब उचलताना गुडघे न वाकवता कमरेतून वाकणे आणि वजन अंगापासून लांब धरून वळणे, ही जोडी मी उद्यमनगर आणि शिरोलीच्या कामगारांत रोज पाहतो. जॉब कमरेच्या उंचीच्या लाकडी घोडीवर (टेकूवर) ठेवून तेथून चकमध्ये सरकवता येतो का, ते पाहावे. पहिले दोन दिवस गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा घ्यावा, पण झापड आणणारी गोळी घेऊन पिशवीवर झोपी जाऊ नये. पाठीवर फोड आलेले दोन रुग्ण मी याच कारणाने पाहिले आहेत. आणि अंथरुणाला खिळून राहू नये. रंकाळ्यावर हळूहळू चार पावले टाकणे हे त्या काळात औषधाइतकेच मोलाचे असते.


तालमीतला

मी गंगावेशीच्या बाजूला वाढलो आणि बरीच वर्षे मातीत काढली. आमच्याकडे गोळीचा गैरवापर वेगळ्या तऱ्हेने होतो. जत्रेचे मैदान चार दिवसांवर आलेले असते, मान किंवा कंबर धरलेली असते, आणि पोरगा गोळी घेऊन जोर-बैठका आणि लढत चालू ठेवतो. माझ्या बाबतीत हेच झाले. वस्तादांनी आठ दिवस थांब म्हणून सांगितले होते. मी मेडिकलमधून गोळी आणली, सकाळी घेतली आणि संध्याकाळी कुस्ती धरली. दुखणे दबले होते, पण अंगाला ढिलेपणा आला होता आणि डाव ओळखायला क्षणभर उशीर होत होता. समोरच्याने ढाक हा डाव मारला, तेव्हा मान वेळेत आवळली गेली नाही. त्यानंतर आठ दिवसांचे तीन महिने झाले. वस्ताद एवढेच म्हणाले, ‘दुखणं हे राखणदार असतं, त्याला दारू पाजून झोपवलंस.’


रात्रपाळी_शिरोली

फाउंड्रीत रात्रपाळी करतो आणि मोटरसायकलने हायवेवरून घरी येतो. डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितलेली गोळी मी कामावरून आल्यावर सकाळी घेत होतो, कारण माझी रात्र तेव्हा सुरू होते. हे चालते का? आणि रात्री घेतलेल्या गोळीची झापड दुसऱ्या दिवशी राहते का?


कागलचा_डॉक्टर

तुमची झोप सकाळी असेल तर गोळी त्या वेळी घेणे तर्काला धरून आहे, पण ते डॉक्टरांना सांगून करावे आणि घरी पोचल्यावर, गाडीची किल्ली खुंटीला लावल्यावरच गोळी घ्यावी. झापड किती राहील हे औषधावर अवलंबून असते. टिझानिडीनचा अंमल काही तासांत ओसरतो. सायक्लोबेंझाप्रीन मात्र शरीरातून सावकाश जाते आणि दुसऱ्या दिवशीही डोके जड ठेवू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने तुंबू शकते, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ते देत नाहीत, आणि दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक ते घ्यावयाचे नसते. कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा सुटीच्या दिवशी घेऊन आपल्याला किती गुंगी येते ते पाहावे. वितळलेल्या लोखंडाजवळ, लेथवर, यंत्रमागावर किंवा हायवेवर तो प्रयोग करू नये. त्या दिवसांत दारू पूर्ण बंद ठेवावी. एक पेग आणि एक गोळी यांची बेरीज दोन होत नाही, पुष्कळ जास्त होते. झोपेच्या, चिंतेच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, इतकेच काय पण झोप आणणारी सर्दीची गोळीसुद्धा याच हिशेबात धरावी.

मी गेली अनेक वर्षे गावात दवाखाना चालवतो. या धाग्यात सगळे गोळीविषयी बोलत आहेत, म्हणून दुखण्याविषयी सांगतो. पाठदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातील जोर कमी होऊन चप्पल नकळत गळून पडू लागली, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. नसांचा जुडगा दाबला गेला असण्याची ती लक्षणे आहेत आणि तेथे तास मोजले जातात. १०८ ला फोन करावा किंवा सरळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अथवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे यांतही आधी तपासणी हवी. आणि पन्नाशीच्या माणसाला घाम फुटून डाव्या खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत दोन खवाट्यांच्या (खांद्याच्या फऱ्यांच्या) मध्ये दुखत असेल, तर ते ‘वाताचे’ समजून स्नायूंची गोळी देणे हा माझ्या पाहण्यातला सर्वांत घातक गैरसमज आहे.

ज्येष्ठांविषयीही लिहितो. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या औषधांची जी बीअर्स यादी आहे, तिच्यात क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामॉल, सायक्लोबेंझाप्रीन यांसारखी स्नायू सैल करणारी औषधे ६५ वर्षांपुढील माणसांना टाळावीत असे म्हटले आहे, कारण गुंगी येऊन माणसे पडतात आणि हाडे मोडतात. टिझानिडीनचे नाव त्या गटात नाही, पण ते रक्तदाब उतरवते हे आपण वर पाहिलेच. माझ्या पद्धतीने सांगायचे तर सत्तरीपुढे मी आधी शेक, मान-कंबरेचे हलके व्यायाम आणि पॅरासिटामॉल यांवर भागवतो. त्याच गोळीत जोडीला असलेल्या वेदनाशामकाचाही विचार करावा लागतो. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही जठराला आणि मूत्रपिंडाला झोंबणारी औषधे आहेत. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ती घेतली, त्यात उन्हाळ्याने अंगातील पाणी कमी झालेले असले, तर मूत्रपिंड अचानक मान टाकू शकते.


मंगळवारपेठ_निवृत्त_शिक्षक

डॉक्टरसाहेबांच्या लिखाणात माझा अनुभव जोडतो. मानेच्या दुखण्यासाठी एका डॉक्टरांनी मला टिझानिडीन असलेली गोळी सात दिवसांसाठी दिली होती. तिसऱ्या दिवशी लघवीत जळजळ सुरू झाली म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो आणि तेथे सिप्रोफ्लॉक्सासिन मिळाले. मान दुखते आहे हे मी तेथे सांगितले नाही, कारण मानेचा आणि लघवीचा काय संबंध, असे मला वाटले; आणि त्यांनीही विचारले नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर दोन्ही गोळ्या घेतल्या. तासाभरात जीभ जड झाली, हातपाय गळाले, आणि मुलाने यंत्र लावून पाहिले तेव्हा वरचा आकडा ८० च्या घरात होता. रात्र रुग्णालयात सलाईनवर गेली. तेथील डॉक्टरांनी सांगितले की ही दोन औषधे एकत्र द्यावयाचीच नसतात. विद्यार्थ्यांना आयुष्यभर ‘प्रश्न पूर्ण वाचा’ म्हणून सांगितले आणि स्वतःची चिठ्ठी मात्र अर्धी वाचली.


फार्मासिस्ट_राजारामपुरी

सर, तुम्ही हे लिहिलेत ते बरे झाले. यकृतातील जे विकर (एन्झाइम) टिझानिडीनचा निचरा करते, त्यालाच सिप्रोफ्लॉक्सासिन अडवते. एका अभ्यासात त्यामुळे रक्तातील टिझानिडीनचे एकूण प्रमाण सुमारे दहापट झाले होते. म्हणजे २ मिलिग्रॅमची गोळी शरीराला २० मिलिग्रॅमसारखी लागते. मनाच्या आजारासाठी देतात त्या फ्लुवोक्सामीनबरोबर तर हा आकडा सुमारे तेहेतीसपट होता. या दोन्ही औषधांबरोबर टिझानिडीन पूर्ण निषिद्ध आहे. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जाताना पहिल्या दवाखान्याची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. नुसते ‘एक पांढरी आणि एक पिवळी गोळी चालू आहे’ असे सांगून भागत नाही.

औषधाने काही विपरीत झाले तर त्याची नोंद सामान्य माणसालाही करता येते. भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे.


सुभाषनगरची_सून

माझे मिस्टर आणि सासरे चपला बनवतात. दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून शिवण चालते, त्यामुळे मान आणि पाठ रोजच धरलेली असते. म्हणजे आमचे दुखणे अचानक भरलेली उसण नव्हे, ते बारमाही आहे. मिस्टर दर शनिवारी एक-दोन गोळ्या घेतात. रोज नाही, आठवड्यातून एकदाच, तर ते चालते का? आणि मी सध्या बाळाला पाजते आहे. माझीही पाठ दुखते.


कागलचा_डॉक्टर

ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे. या गोळ्या अचानक भरलेल्या दुखण्यासाठी, थोड्या दिवसांसाठी आहेत. बारमाही दुखण्यात त्यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. शनिवारची गोळी शुक्रवारी येऊ लागते आणि मग गुरुवारी, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. कॅरिसोप्रोडॉल नावाचे याच जातीचे एक औषध आहे, ज्याची सवय लागते म्हणून अमेरिकेने २०१२ पासून ते नियंत्रित औषधांत टाकले आहे, आणि टॅपेंटाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाबरोबरच्या त्याच्या मिश्र गोळ्यांची निर्यात २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारनेही बंद केली. सगळ्याच गोळ्या त्या पंगतीतील नाहीत, पण शनिवारचा नेम मोडावाच. दर पाऊण तासाने उठून खांदे मागे ओढणे आणि शिवणाचा पाट थोडा उंच करणे यांनी त्यांना जास्त फायदा होईल. तुम्ही पाजत आहात, तेव्हा थायोकोल्चिकोसाइड तुमच्यासाठी पूर्ण वर्ज्य आहे आणि घरातील त्यांचे पाकीट तर मुळीच उघडू नका. डॉक्टरांना पाजत असल्याचे सांगून पॅरासिटामॉलविषयी विचारा.

एक अपवाद येथेच नोंदवतो, नाहीतर कोणी हा धागा वाचून भलतीच गोळी बंद करेल. अर्धांगवायू किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर हातपाय कडक होतात, त्यासाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन महिनोन्‌महिने दिले जाते आणि ते योग्य आहे. ते आपल्या मनाने एकदम थांबवू नये. बॅक्लोफेन अचानक बंद केल्यास भास होणे, झटके येणे असे गंभीर प्रकार होतात, आणि जास्त मात्रेतील टिझानिडीन एकदम सोडल्यास रक्तदाब उसळतो. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना तर बॅक्लोफेनची थोडी मात्राही बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. पाच दिवसांची साधी चिठ्ठी मात्र पाचव्या दिवशी थांबवायला काही अडचण नसते, आणि तिसऱ्याच दिवशी बरे वाटले तर उरलेल्या गोळ्या संपवण्याची सक्ती नाही. हा काही ॲन्टिबायोटिकचा कोर्स नव्हे.


लेथवाला_उद्यमनगर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आज सायंकाळी आईला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तिन्ही पाकिटे त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मला रागावले नाही, पण तिसरे पाकीट हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. आईचा रक्तदाब त्यांनी झोपवून आणि मग उभे करून असा दोनदा मोजला. आता तो ठीक आहे. मानेसाठी तिला शेक आणि पॅरासिटामॉल सांगितले आहे, स्नायूंची गोळी नाही. मला रक्ताची तपासणी लिहून दिली आहे, त्यात मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताचे आकडे पाहायचे आहेत. आणि कंबरेसाठी फिजिओंकडे पाठवले आहे.

फिजिओ साहेब, तुम्ही सांगितलेली घोडी पॅटर्नच्या जुन्या लाकडातून आजच ठोकली. चकच्या मध्यापेक्षा दोन बोटे खाली राहते, त्यामुळे जॉब नुसता वर सरकवावा लागतो. उरलेल्या चार गोळ्यांपैकी आईने एक घेतली होती, तीन राहिल्या होत्या. त्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवल्या, पिशवीला गाठ मारली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकल्या; औषधांचा डबा आता कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे आहे. आई यावर थोडी रुसली आहे.